लांब पानांचा पाइन आणि एक-चौदाचा उतारा

गोव्यात जन्म काढलेल्या माणसाला सूचिपर्णी अरण्याविषयी लिहिण्याचा अधिकार काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला तर तो रास्तच आहे. मिरामारच्या वाळूवरील सुरूच्या झाडांना आम्ही शाळकरी वयात मोठ्या ऐटीत ‘पाइन’ म्हणत असू. पण सुरू हा पाइनच्या कुळातला नव्हे. त्याच्या ज्या सुया आपल्याला दिसतात त्या पाने नसून बारीक, सांधेदार डहाळ्या असतात, आणि तो आपल्या किनाऱ्यावर बाहेरून आणून लावलेला आहे. दक्षिण भारताच्या डोंगरांत एकच देशी शंकुधारी वृक्ष आढळतो, तो पार खाली अगस्त्यमलैच्या बाजूला. आणि निसर्गाची गंमत अशी की त्याची पाने सुईसारखी नसून चांगली रुंद असतात. तेव्हा सूचिपर्णी अरण्य ही आमच्यासाठी दिनदर्शिकेवरील चित्रातली वस्तू होती, आणि त्या चित्रात बहुधा बर्फही असे.

माझी नोकरी महसूल खात्यातली. जमीन, तिचा धनी, तिचे कूळ, तिच्या सीमा आणि त्या सीमांवरून होणारी भांडणे यांत माझी तेहतीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर २०२३ च्या जानेवारीत आम्ही उभयता कन्येकडे गेलो. ती आणि जावई फ्लोरिडा राज्याच्या राजधानीत, टॅलाहासी येथे, विद्यापीठात काम करतात. तेथे मला जे अरण्य पाहायला मिळाले ते बर्फातले नव्हे. दमट उन्हाळ्याच्या, वादळांच्या, आपल्याला परक्या न वाटणाऱ्या हवेतले ते अरण्य. आणि ते बहुतांशी खाजगी मालकीच्या जमिनीवर उभे होते. माझे कुतूहल जागे झाले ते या दुसऱ्या गोष्टीमुळे, हे मी प्रांजळपणे सांगतो.

या वृक्षाचे इंग्रजी नाव लाँगलीफ पाइन, म्हणजे लांब पानांचा पाइन. पाने खरोखरच हातभर, काही ठिकाणी दीड फुटापर्यंत लांब. वनस्पतिशास्त्रातले त्याचे नाव पायनस पॅलुस्ट्रिस. ‘पॅलुस्ट्रिस’ म्हणजे दलदलीतला. नाव देणाऱ्याने तो कुठे पाहिला कोण जाणे. हा वृक्ष दलदलीच्या काठावर जगतो तसाच कोरड्या वाळूच्या टेकड्यांवरही सुखाने जगतो. व्हर्जिनियाच्या आग्नेय कोपऱ्यापासून टेक्ससच्या पूर्व भागापर्यंत एकेकाळी या वृक्षाची सलग म्हणावी अशी अरण्ये होती. त्यांचे क्षेत्र सुमारे ९ कोटी एकर मानले जाते. आकडा डोळ्यांपुढे उभा राहावा म्हणून सांगतो: आपला गोवा साडेनऊ लाख एकरांहूनही थोडा लहानच, म्हणजे जवळजवळ शंभर गोवे. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यातले सुमारे ३० लाख एकर उरले होते. शंभरातले तीन.

हे घडले कसे, याची हकीगत एका कुऱ्हाडीची नाही. प्रथम डिंक आणि टर्पेंटाइनचा धंदा आला. झाडाच्या बुंध्यावर खाचा पाडायच्या, गळणारी राळ गोळा करायची, तिच्यापासून लाकडी जहाजांच्या फटी बुजवणारे डांबर बनवायचे. ही कामे आधी गुलामांकडून करून घेतली गेली आणि गुलामगिरी संपल्यावर भाडोत्री दिलेल्या कैद्यांकडून. १९२२ साली फ्लोरिडातील एका लाकूड-छावणीत मार्टिन टॅबर्ट नावाचा तरुण कैदी फटक्यांनी मेला आणि देशभर बोभाटा झाला, तेव्हा पुढच्या वर्षी त्या राज्याने ही कैदी भाड्याने देण्याची रीत बंद केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली आणि पन्नासएक वर्षांत उरलेली बहुतेक जुनी झाडे आडवी झाली. मोकाट डुकरांनी कोवळी रोपे मुळांसकट खाल्ली. मग कागद कारखान्यांचा काळ आला. चार्ल्स हर्टी या रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात सव्हाना येथे दक्षिणेतल्या पाइनपासून वर्तमानपत्री कागद काढून दाखवला, आणि जमीनधन्यांना वीस-पंचवीस वर्षांत तोडणीला येणारे दुसरे पाइन लावणे फायद्याचे ठरले. योगायोग पाहा, हाच हर्टी पूर्वी टर्पेंटाइनसाठी झाडाला कमी इजा करणारी मातीची वाटी शोधून काढणारा. एका शोधाने त्याने वृक्षाचे आयुष्य वाढवले, दुसऱ्याने त्याची जागा दुसऱ्या वृक्षाला मिळवून दिली.

पण सर्वांत शांतपणे घात केला तो आग विझवण्याने. हे वाक्य लिहिताना माझीही लेखणी अडखळते, कारण आपल्याकडे रानाला लागलेली आग म्हणजे संकट, हे आपण गृहीतच धरतो. लाँगलीफचे अरण्य मात्र आगीवर पोसलेले आहे. विजेने लागलेली, आणि हजारो वर्षे तेथील मूळ रहिवाशांनी लावलेली, जमिनीलगत सरपटत जाणारी आग दर दोन-चार वर्षांनी त्यातून फिरत असे. ती गवत आणि खुरटी झुडपे जाळी, मोठ्या झाडांची जाड साल तिला दाद देत नसे. या वृक्षाचे बालपणच आगीला धरून रचलेले आहे. बी रुजल्यावर पहिली काही वर्षे, कधी पाच तर कधी त्याहून अधिक, रोप वर वाढतच नाही. ते गवताच्या झुबक्यासारखे जमिनीशी बसून राहते आणि सारी शक्ती सोटमूळ खाली पाठवण्यात घालते. लांब पानांचा झुबका मधल्या कोंबाला वेढून असतो. आग आली की पाने जळतात, कोंब वाचतो. मग एखाद्या वर्षी तो एकदम उठतो आणि एका हंगामात माणसाच्या कमरेपर्यंत जातो, जणू आगीच्या टप्प्यातून शेंडा बाहेर काढण्याची घाई झाली आहे. आग बंद झाली की ओक आणि इतर झाडोरा दाटतो, जमिनीवर सावली पडते आणि हे झुबके त्या सावलीत कुजून जातात.

१९२७ ते १९३० या काळात एका वनप्रेमी संस्थेचे तरुण मोटारींतून चित्रपट दाखवत दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत फिरले आणि रान जाळू नका, असे शिकवत गेले. हेतू उत्तम होता. त्याच सुमारास जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या सीमेवर हर्बर्ट स्टॉडर्ड नावाचा निरीक्षक बॉबव्हाइट या लाव्यासारख्या पक्ष्याचा अभ्यास करीत होता. तेथल्या मोठ्या मळ्यांच्या श्रीमंत धन्यांना शिकारीसाठी हे पक्षी हवे होते आणि ते कमी का होत आहेत ते कळत नव्हते. स्टॉडर्डने सांगितले की रान जाळणे थांबवले म्हणून. १९३१ साली त्याचा ग्रंथ निघाला; त्यातले आगीविषयीचे प्रकरण वरिष्ठ वनाधिकाऱ्यांच्या आक्षेपांमुळे त्याला पुन्हापुन्हा सौम्य करावे लागले होते. सरकारी टिपणीत वरिष्ठांच्या शेऱ्याने वाक्ये कशी मवाळ होत जातात, हे ज्याने खुर्चीवरून पाहिले आहे त्याला स्टॉडर्डविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहणार नाही. पुढे १९५८ साली टॅलाहासीच्या उत्तरेस टॉल टिंबर्स हे संशोधन केंद्र निघाले. त्याच्या संस्थापकांत तो होता, आणि जमीन दिली ती हेन्री बीडेल या मळेवाल्याने. १९६२ पासून तेथे आगीच्या परिस्थितिविज्ञानावर परिषदा भरू लागल्या.

यातली विसंगती मला अजूनही चाळवते. त्या भागात जुने लाँगलीफ वाचले ते श्रीमंतांच्या लाव्यांच्या शिकारीपायी. वेड ट्रॅक्ट नावाचा, थॉमसव्हिल गावाजवळचा २०० एकरांचा तुकडा मी पाहिला. त्यात कधीही तोड झालेली नाही. तीन-तीनशे वर्षांची झाडे, पण एकमेकांपासून लांब लांब उभी. मधून ऊन जमिनीपर्यंत पोचलेले, आणि खाली गुडघाभर गवत. आपल्या डोळ्यांना हे अरण्य वाटतच नाही, बाग वाटते. पण त्या गवतात एका चौरस मीटरला चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती मिळतात, हे ऐकल्यावर मी पाय जपून टाकू लागलो. तसेच दुसरे मोठे तुकडे लष्कराच्या ताब्यात वाचले आहेत. उत्तर कॅरोलायनातील फोर्ट ब्रॅग, फ्लोरिडातील एग्लिन विमानतळ. तोफगोळ्यांनी वारंवार वणवे लागत राहिले आणि अरण्य टिकले. शिकारी आणि तोफा यांनी राखलेले अरण्य! आपल्या देवराया देवाच्या भयाने राहिल्या. भय कोणते, याची वृक्षाला फारशी चौकशी नसते.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील वनजमिनीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी मालकीची आहे. म्हणजे हे अरण्य परत यायचे तर ते धन्याच्या इच्छेनेच येणार. येथे एका पक्ष्याची गोष्ट सांगितली पाहिजे. रेड-कॉकेडेड वुडपेकर नावाचा लहानसा सुतार पक्षी फक्त जिवंत, म्हाताऱ्या पाइनमध्येच ढोली कोरतो. एका ढोलीला वर्ष ते काही वर्षे लागतात. ढोलीभोवती तो लहान खड्डे पाडून राळ वाहती ठेवतो, म्हणजे झाडावर चढणारे साप त्या चिकट प्रवाहावरून सरकू शकत नाहीत. त्याची तरुण पोरे लगेच घर सोडत नाहीत. आईबापांना पुढची पिल्ले वाढवायला मदत करतात. हे एकत्र कुटुंब १९७० साली नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत आले आणि १९७३ च्या कायद्याने त्याच्या ढोलीचे झाड तोडणे, त्याचा परिसर बिघडवणे हा खाजगी जमिनीवरही गुन्हा ठरला.

कायदा पक्ष्याच्या बाजूने होता. परिणाम उलटा झाला. झाडे म्हातारी झाली की पक्षी येणार, पक्षी आला की जमीन अडकणार. तेव्हा झाडे म्हातारी होऊच द्यायची नाहीत, असा सरळ हिशेब धन्यांनी केला. ही केवळ वदंता नाही. डीन लूक आणि जेफ्री मायकेल या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर कॅरोलायनातील १९८४ ते १९९० या काळातील हजाराहून अधिक वनखंड तपासून २००३ साली दाखवून दिले की ज्या जमिनी पक्ष्यांच्या वसाहतींच्या जवळ होत्या त्यांच्यावरची झाडे तोडली जाण्याचा संभव अधिक होता आणि ती कमी वयात तोडली जात होती.

हे वाचताना मला समुद्र ओलांडून घरी आल्यासारखे झाले. आपल्याकडे १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाचा अर्थ कोशातला घ्यावा, मालकी कोणाचीही असो, असा आदेश दिला. त्यानंतर गोव्यात खाजगी वने ओळखण्यासाठी समित्या नेमल्या गेल्या. निकष ठरले होते: झाडांपैकी ७५ टक्के वनवृक्ष, सरकारी वनाला लागून असलेले किंवा किमान ५ हेक्टर सलग क्षेत्र, आणि शेंड्यांनी झाकलेल्या आकाशाचे प्रमाण ०.४ हून कमी नसावे. निकष वाईट नव्हते. पण ज्याच्या बापजाद्यांनी काजूच्या पैशाचा मोह आवरून डोंगरउतार तसाच राखला, त्याच्यावर बंधन आले. ज्याने तो आधीच भुईसपाट केला होता तो मोकळा राहिला. आणि मधल्यांनी काय केले असेल, ते सांगायला अर्थतज्ज्ञ नकोत. तालुक्याच्या कचेरीत बसून मी ‘दोन-चार सुकलेली झाडे’ तोडण्याच्या अर्जांचा अचानक वाढलेला ओघ पाहिला आहे. माणसे दुष्ट नव्हती. त्यांना चाळीस शतांशाचा अर्थ समजला होता, इतकेच.

अमेरिकेने या कोंडीतून जी वाट काढली तिला ‘सेफ हार्बर’, सुरक्षित बंदर, असे नाव आहे. १९९५ साली उत्तर कॅरोलायनाच्या वाळूटेकड्यांच्या भागात तिचा आरंभ झाला, आणि पहिली सही केली ती पाइनहर्स्ट या गोल्फसाठी प्रसिद्ध असलेल्या विश्रामस्थानाने. योजना साधी आहे. करार करते वेळी जमिनीवर त्या पक्ष्यांची किती कुटुंबे आहेत ते मोजायचे. समजा दोन आहेत. धन्याने त्या दोघांना सांभाळायचे, रान जाळायचे, झुडपे काढायची, जुनी झाडे ठेवायची. पुढे दोनाची सहा झाली तरी वाढलेल्या चारांमुळे त्याच्यावर नवे बंधन येणार नाही. चांगले वागल्याबद्दल शिक्षा होणार नाही, एवढेच आश्वासन सरकार देते. फुकट. एवढ्यावर शेकडो धनी पुढे आले. २०२४ च्या ऑक्टोबरात या पक्ष्याला अधिक धोक्याच्या वर्गातून खालच्या वर्गात आणण्यात आले. तेव्हा त्याच्या सुमारे ७,८०० वसाहती नांदत्या होत्या. सर्व श्रेय या कराराचे नव्हे. लष्करी तळ आणि सरकारी वने यांत पुष्कळ काम झाले, लाकडी पेट्या झाडांत बसवून तयार घरेही दिली गेली. तरी तोडीची घाई थांबली, ही गोष्ट माझ्या मते कोणत्याही पेटीहून मोठी.

आता त्या दिवसाविषयी. कन्येच्या ओळखीचे एक निवृत्त शाळामास्तर, वय पंचाहत्तरीच्या पुढे, कृष्णवर्णीय. जॉर्जियाच्या सीमेजवळ त्यांची वडिलोपार्जित ३४० एकर जमीन आहे. आजोबांनी कापूस पिकवला, वडिलांनी कागद कारखान्यासाठी पाइन लावले. यांनी ते तोडून १९९८ पासून टप्प्याटप्प्याने लाँगलीफ लावले. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते त्यातले चाळीस एकर जाळणार होते आणि आम्हांला बोलावणे होते.

मी पोचलो तेव्हा ते दूरध्वनीवर परवाना घेत होते. होय, त्याच सकाळी, दूरध्वनीवर. वनखात्याची बाई पलीकडून वारा, हवेतील आर्द्रता आणि धूर वर किती चढेल याचा अंदाज पाहून परवानगी देत होती. फ्लोरिडाने १९९० सालीच कायदा करून सांगितले आहे की आपल्या जमिनीवर नियमानुसार आग फिरवणे हा धन्याचा मालमत्ता-हक्क असून त्यात लोकहितही आहे. प्रशिक्षित माणसाने रीतसर केलेल्या जाळण्यातून नुकसान झाले तरी ढळढळीत हयगय सिद्ध झाल्याशिवाय त्याला दोषी धरत नाहीत. एवढ्या मोठ्या विषयात, एवढ्या थोड्या शाईत! मी मनातल्या मनात आमच्या नस्तीला लागणारे पृष्ठांक मोजले आणि सोडून दिले.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कळवलेले होते. कडेने नांगराने माती उघडी केली होती. दोन माणसे हातात ठिबकती मशाल घेऊन निघाली: पत्र्याचा डबा, आत डिझेल व पेट्रोल यांचे मिश्रण, लांब नळीच्या टोकाशी जळती वात. त्यांनी वाऱ्याच्या विरुद्ध आग लावली, म्हणजे ती मागे मागे, हळू, गुडघ्याएवढ्या ज्वाळांनी सरकत आली. आवाज पावसासारखा होता. मास्तर मला म्हणाले, “भिऊ नका, ती तुमच्यापेक्षा सावकाश चालते.” दुपारी राख निवली तेव्हा ते एका काळ्या झुबक्यापाशी गुडघे टेकून बसले आणि मलाही बसवले. जळालेली पाने बोटांनी दूर केली. आत चंदेरी लव असलेला, अंगठ्याएवढा कोंब होता, थंड. त्याला धग लागलीच नव्हती.

मी त्यांना पैशाचे विचारले. आपल्याकडे हा प्रश्न विचारायला लाज वाटते, त्यांना वाटली नाही. रोपे लावण्याच्या आणि जाळण्याच्या खर्चाचा काही वाटा सरकार शेतकी योजनांतून देते. विरळणीचे लाकूड विकले जाते. सरळ, उंच वाढलेल्या लाँगलीफचे विजेचे खांब चांगल्या भावाने जातात, पण त्याला चाळीस वर्षे हवीत. मधल्या काळात गळलेली पाने गोळा करून बागांच्या आच्छादनासाठी विकता येतात. त्या पानांचे गठ्ठे मी तेथल्या दुकानांत पाहिले होते. ते म्हणाले, “दर वर्षी पाने विकली तर आग कशावर फिरवू? आणि आग नसेल तर गवत कुठून येणार? म्हणून मी एका तुकड्यातलीच विकतो.” पाने विकणारे सगळेच इतका विचार करीत नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी लाँगलीफच्या रांगांखाली झाडून काढलेली नागडी जमीन मी पाहिली. झाड परत आले, अरण्य नाही.

मग विषय कागदांवर आला आणि मी खरा रमलो. त्यांच्या आजोबांनी मृत्युपत्र केले नव्हते. जमीन सर्व वारसांच्या नावे अविभक्त राहिली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत हे सर्रास आढळते. कचेऱ्यांवर आणि वकिलांवर त्यांचा विश्वास नसण्यास इतिहासात सबळ कारणे होती. अशा जमिनीला ते ‘वारसांची मालमत्ता’ म्हणतात. तिच्यावर कर्ज मिळत नसे, सरकारी साहाय्य मिळत नसे, आणि दूरच्या शहरात राहणाऱ्या एखाद्या वारसाचा बारीकसा हिस्सा कोणी विकसकाने विकत घेतला की तो न्यायालयातून सगळी जमीन लिलावात काढू शके. कितीतरी जमिनी अशा गेल्या. २०१० साली या वाटणीच्या कायद्याचा सुधारित नमुना तयार झाला. जॉर्जियाने तो लवकर स्वीकारला आणि नंतर फ्लोरिडाने. २०१८ च्या शेतकी कायद्याने अशा वारसांनाही सरकारी योजनांचे दार थोडे उघडले. मास्तरांच्या जमिनीला ४१ वारस होते. नावे शोधून, पत्रे लिहून, हिस्से विकत घेऊन किंवा सह्या मिळवून जमीन मोकळी करण्यात त्यांची अकरा वर्षे गेली. “झाडे लावणे त्यामानाने सोपे,” ते म्हणाले.

त्यांच्यापुढे तेव्हा एक निर्णय होता. अमेरिकेत ‘संवर्धन-सुविधाधिकार’ म्हणता येईल असा एक दस्तऐवज असतो. धनी जमीन आपल्याकडेच ठेवतो, पण तिच्यावर वसाहत उभारण्याचा, तिचे तुकडे पाडण्याचा हक्क एखाद्या न्यासाला देऊन किंवा विकून टाकतो. बंधन जमिनीबरोबर चालते, विकली तरी, वारसाकडे गेली तरी, कायमचे. बदल्यात करसवलत मिळते किंवा मोबदला. वेड ट्रॅक्टवर असेच बंधन १९७९ सालापासून आहे. फ्लोरिडातील एम. सी. डेव्हिस या धनाढ्य व्यापाऱ्याने, जो तरुणपणी पत्त्यांच्या जुगारात मुरलेला होता, पन्नास हजार एकरांहून अधिक जमीन विकत घेऊन ‘नोकूसी’ नावाचे अरण्य आखले आणि त्याला ३०० वर्षांची मुदत दिली. तो २०१५ साली वारला, म्हणजे मुदतीच्या अगदी पहिल्या पानावर. त्याच्याकडे करोडो होते. मास्तरांकडे ४१ नातलग. ‘कायमचे’ या शब्दावर त्यांची मुलगी अडली होती. माझ्या मुलांनी काय करावे ते मी आज कसे बांधून ठेवू, असे तिचे म्हणणे. मला ते बिनबुडाचे वाटले नाही. आपल्याकडे तर हा मार्गच नाही. आपला सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा. त्यात असा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. वाट, पाणी, उजेड. शेजारी जमीन नसलेल्या एखाद्या न्यासाने तुमच्या झाडांच्या वतीने असा हक्क धरावा, ही कल्पना त्या कायद्याच्या चौकटीत बसत नाही.

आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात परतलो. त्याच आठवड्यात म्हादई अभयारण्यात आणि सत्तरी, सांगेच्या डोंगरांत वणवे भडकले. नौदलाची हेलिकॉप्टरे टोपल्यांतून पाणी ओतत होती. भेटणारा प्रत्येक जण मला म्हणे, तुम्ही तर आगीचे कौतुक करून आलात! मी त्यांना सांगत असे आणि येथेही ठासून सांगतो की तेथले शहाणपण उचलून येथे लावणे हा अडाणीपणा होईल. आपली सह्याद्रीची पानगळी व निमसदाहरित राने आगीच्या फेऱ्यांवर रचलेली नाहीत. आपल्या झाडांच्या रोपट्यांना चंदेरी लवेचे कवच नाही. काजूच्या बागेतील पाचोळा पेटवून दिला की ती आग वर चढते आणि वर्षभराचे कोवळे रोप संपवते. लाँगलीफकडून शिकायचे असेल तर आग नव्हे, ते धन्याशी बोलणे शिकावे.

अमेरिकेच्या त्या प्रयत्नालाही मर्यादा आहेतच. २००९ साली अनेक खाती आणि संस्था एकत्र येऊन त्यांनी २०२५ पर्यंत ८० लाख एकर लाँगलीफ करण्याचे लक्ष्य ठरवले होते. क्षेत्र ५० लाखांच्या आसपास आले, पण ८० लाख झाले नाही. काही ठिकाणी नवे लागते तेव्हा दुसरीकडे जुने जाते. २०१८ च्या ऑक्टोबरातल्या मायकेल वादळाने एका दिवसात उत्तर फ्लोरिडा आणि नैर्ऋत्य जॉर्जियातली जुनी झाडे कोसळवली. आणि झाडे लावली तरी खालचे गवत, ती चाळीस जातींची वीण, नांगरलेल्या जमिनीत आपोआप परतत नाही. तिचे बी वेगळे गोळा करावे लागते, तेही बहुधा वाढीच्या हंगामात आग फिरल्यावरच धरते.

हे सारे मी एवढ्या विस्ताराने लिहिण्याचे घरगुती कारणही आहे. सत्तरीत आमच्या घराण्याचा सुमारे सहा हेक्टरांचा डोंगरउतार आहे. वरच्या अंगाला किंदळ, नाणा आणि ऐन, ज्याला आम्ही माट्टी म्हणतो, मध्ये काजू, तळाशी एक झर, जिच्या पाण्यावर खालची कुळागरे जगतात. एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे. गोव्याच्या वारसा कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता समाईक असल्याने सुनांची आणि जावयांचीही सही लागते. मी वंशवृक्ष काढला तेव्हा जिवंत धनी २३ निघाले. त्यांपैकी एका चुलतबंधूने मला गेल्या वर्षी सुचवले होते की कोणी मोजायला येण्याआधी वरची झाडे काढून काजू लावावा, म्हणजे कटकट मिटेल. तो वाईट माणूस नाही. तो उत्तर कॅरोलायनात असता तर अर्थतज्ज्ञांच्या तक्त्यातला एक ठिपका झाला असता.

मी सर्वांना पत्रे लिहिली. कायमचे बंधन मी सुचवले नाही. ते घालण्याचे साधनही नाही. वीस वर्षे वरचा तीन हेक्टर भाग कोणी तोडू नये, काजूचा उंबरठा वर सरकवू नये, मार्चआधी काजूच्या वरच्या अंगाने पाचोळा झाडून सहा मीटरांची मोकळी पट्टी काढावी, काजूचे उत्पन्न हिश्शाप्रमाणे वाटावे आणि त्यातून एका राखणदाराचा खर्च आधी काढावा, असा तो कागद आहे. दरम्यान वारसा-प्रक्रियेचा दावाही दाखल करावा, कारण आजोबांच्या नावावर करार कोण करणार? २३ पैकी १७ जणांची संमती आली आहे. चौघांची उत्तरे यायची आहेत. त्यांतली एक पुतणी टोरोंटोला असते. चुलतबंधूने व त्याच्या पत्नीने सही राखून ठेवली आहे. त्याची अट अशी की नातवाला पुढे घर बांधायचे झाल्यास रस्त्यालगतची अर्धा एकर जागा या कागदातून वगळावी. तेथे झाडे फारशी नाहीतही. मी होकार कळवला आहे, आणि जागा नेमकी कोणती ते ठरवण्यासाठी दिवाळीनंतर भूमापकाला बोलावले आहे.